रुक्मिणीच्या माहेरी एक दिवस

तळेगाव (श्यामजी पंत) हे आमचे गाव नागपूर-अमरावतीच्या हमरस्त्यावर असल्यामुळे सारे जग आमच्या दारावरून जाते. आम्ही मात्र शेजारचे म्हणून काही पाहावयास कधी निघत नाही. गेल्या मार्गशीर्षात थोरल्या भाऊजींनी मनावर घेतले आणि घरची सतरा माणसे भाड्याच्या मोटारीतून दिवसभराच्या सहलीस निघाली. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, संत्र्यांची करंडी व सासूबाईंची उशी असा सरंजाम होता. आणखीही एक गोष्ट बरोबर होती, पण तिचा उच्चार कोणी करीत नव्हते.

भाऊजींच्या मुलीने, पुण्यास नोकरीवर असता, आपले लग्न आपणच ठरविल्याचे दिवाळीत सांगितले होते. मुलगा सुशिक्षित, पण आपल्या ज्ञातीतला नव्हे. तेव्हापासून भाऊजींनी तिच्याशी बोलणे टाकले होते.

प्रथम आष्टीस गेलो. जहांगीर बादशहाच्या काळचा अफगाण सरदार महंमदखान नियाझी याची कबर तेथे आहे. आष्टी, आमनेर, पवनार यांबरोबर तळेगावचा परगणाही त्याच्या जहागिरीत होता व ओसाड पडलेला मुलूख त्याने पुन्हा लागवडीस आणला, असे जुन्या ग्याझेटियरात लिहिले आहे. मुलांना त्याहून १६ ऑगस्ट १९४२ ची हकीकत अधिक आवडली. त्या दिवशी येथील पोलीस ठाण्यावर लोक चालून गेले, गोळीबार झाला व दोन्ही बाजूंची माणसे मेली. भाऊजी सांगतात फार छान. परंतु सोळा जणांकडे पाहून सांगत व सतराव्या जागी त्यांची नजर अडखळे, हे आम्हा बायकांच्या ध्यानात आल्यावाचून राहिले नाही.

दुपारी आर्वीवरून, वर्धा नदी ओलांडून, कौंडिण्यपूर गाठले. विदर्भाची ही पुराणप्रसिद्ध राजधानी. १९६२ ते १९६४ या काळात डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनी येथे उत्खनन केले, तेव्हा इसवी सनापूर्वीच्या वस्तीचे अवशेष सापडले. दर आषाढीस येथून रुक्मिणीची पालखी पंढरपुरास जाते. अंबिकेच्या देवळात भाऊजींनी रुक्मिणीहरणाची कथा रंगवून सांगितली. भाऊ रुक्मी शिशुपालाला वचन देऊन बसलेला. हिने ब्राह्मणाहाती श्रीकृष्णाला निरोप धाडला. देवदर्शनाच्या निमित्ताने ती येथूनच निघून गेली. जाऊबाईंनी पदराने डोळे टिपले. पोर मात्र खांबाला टेकून खाली पाहत होती.

सासूबाईंनी विचारले, “अरे, तो रुक्मी पुढे घरी परतला का?”

“नाही, आई. कृष्णाला मारल्यावाचून कुंडिनपुरात पाऊल ठेवणार नाही, अशी प्रतिज्ञा केली होती त्याने. भोजकट वसवून तेथेच राहिला.”

“म्हणजे बहीण गेली ती गेलीच, वर घरही गेले,” एवढे म्हणून त्या उशी शोधू लागल्या. भाऊजी मुलांना पाहावयास म्हणून घाटाकडे निघून गेले.

खरे सांगावयाचे तर माझे मनही निःशंक नव्हते. माझ्या दोघी उपवर आहेत आणि लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? रुक्मिणी देवळात शोभते. आपल्या माजघरात ती उभी राहिली की अंगावर काटा येतो.

परतताना आर्वीस चहाला थांबलो. पेला हातात धरून, तिच्याकडे न पाहताच, भाऊजींनी विचारले, “त्यांचे मूळ गाव कोणते?”

तिने सांगितले.

“तिकडचा रस्ता वाईट आहे,” ते म्हणाले, आणि ड्रायव्हरला निघण्याची घाई करू लागले.