पांढरा कुठला धरायचा?

डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि दुकानातल्या प्रत्येक टीव्हीचे दोन टीव्ही झाले. उजवा डोळा मिटला की पडदा निळसर, डावा मिटला की तोच पिवळट.

काळा पडदा, उभ्या रेषा, अर्धं चित्र गायब, असल्या कामांत नजरेला फारसं विचारावं लागत नाही. पॅनेलच्या टी-कॉन बोर्डवर मीटर लावला की बहुतेकदा उलगडा होतो. रंगाचं तसं नाही. ‘चित्रात मजा राहिली नाही हो,’ म्हणत गिऱ्हाईक येतं आणि सेट लावावा तर सगळं चालू.

पूर्वी पेठेत रंगाचा सेट अडला की माझ्याकडे धाडायचे, याचा मला माज होता. पिक्चर ट्यूबच्या जमान्यात लाल, हिरवा, निळा असे तिन्ही प्रीसेट फिरवून नुसत्या नजरेनं पांढरा जमवायचो. रंग मोजायचं यंत्र घ्या म्हणून कुणी सुचवलं तर अपमान वाटायचा. माझा टेस्ट पॅटर्न म्हणजे आषाढी वारीचं चित्रण: पांढऱ्या टोप्या, हिरवी तुळस, उन्हानं रापलेले चेहरे. टोपी पांढरी आणि चेहरा माणसाचा दिसला की सेट पास.

आता टोपी कुठल्या डोळ्यानं बघायची?

एलईडी बॅकलाइटचा दिवा मुळात निळाच असतो. वरच्या पिवळ्या फॉस्फरमुळे उजेड पांढरा होतो. दिव्यांच्या पट्ट्या तापून तापून तो थर खराब होतो आणि आतला निळा उघडा पडतो. हे इतकं सावकाश होतं की रोज बघणाऱ्या घरच्यांना पत्ता लागत नाही. माझ्या डोळ्यातलं भिंगही तसंच सावकाश पिवळं होत गेलं. म्हणजे सेट निळा मारायचा, डोळा पिवळा, आणि दोघं मिळून मला पांढरा दाखवायचे!

हाताखालचा पोरगा विशीतला. ‘काका, जांभळा मारतोय,’ असं लांबूनच म्हणतो आणि हल्ली मी वाद घालत नाही. टीव्हीचा मेनू उघडून बघतो. त्याची पांढरी अक्षरंही निळी असली तर सेट-टॉप बॉक्स सुटला. मग पॅनेल उतरवायचं, डिफ्यूझर काढायचा आणि दिवे बंद असताना एकेका दिव्यावरची भिंगाची टोपी उचलून बघायचं. ताज्या दिव्याचा ठिपका हळदी पिवळा असतो, भाजलेल्याचा तपकिरी, कधी तडकलेला. इथे मात्र माझे दोन्ही डोळे एकच सांगतात.

सध्याच्या मेकॅनिकांचं एक कळत नाही. मेलेला तेवढाच दिवा बदलतात, नाहीतर शॉर्ट करून पट्टी चालू करतात. मग निळ्या पडद्यावर एक पांढरा डाग, नाहीतर एक काळवंडलेला कोपरा. पट्ट्यांचा पूर्ण संच घालावा आणि बॅकलाइटचा करंट थोडा उतरवावा. उजेड जरा कमी होतो, पण पट्ट्या टिकतात. हे गिऱ्हाइकाला समजावायला वेळ लागतो आणि वेळ कुणाला द्यायचा नसतो. शोरूमवाल्यांनी तर नजरा आधीच बिघडवल्यात. तिथे सगळे सेट ‘व्हिव्हिड’वर, धोतराला नीळ जास्त झाल्यासारखे. पांढऱ्याचं प्रमाण 6500 केल्विन. तिथवर आणून दिला की लोक म्हणतात, ‘पिवळा केलात.’

शेवटी यंत्र घेतलं. पोरगा ते पडद्याला टेकवून आकडे वाचतो. मी आधी मनात अंदाज बांधतो आणि जुळला तर अजूनही छाती फुगते.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर आहे. तोवर एवढंच सांगतो: घरचा सेट निळा वाटला तर पिक्चर सेटिंगमध्ये कलर टेम्परेचर ‘वॉर्म’ करून बघा. तरीही निळाच राहिला आणि कुणी ‘पॅनेल गेलं, नवा घ्या’ म्हणालं, तर त्याला आधी सेट उघडून पट्ट्या दाखवायला सांगा.