बरा दिवस, वाईट दिवस

आजार माणसाला रोज सारखा छळत नाही. आज उठवत नाही आणि परवा तोच माणूस बाजारातून दोन पिशव्या भरून भाजी आणतो, हे आपण घरोघरी बघतो. पण हे कुणी शास्त्र म्हणून मांडलंय, त्याची मोजपट्टी तयार केलीय आणि तीही एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसांना विचारून, हे मला नुकतंच कळलं. तेव्हापासून मी भेटेल त्याला हेच सांगत सुटलेय. शीव स्टेशनच्या पुलावर भेटलेल्या मैत्रिणीलाही सोडलं नाही, तिची गाडी चुकली.

टोरांटो विद्यापीठात केली ओब्रायन या फिजिओथेरपिस्ट संशोधक आहेत. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या, गटांत बसवून बोलतं केलं आणि २००८ साली एक मांडणी प्रसिद्ध केली. तिचं नाव 'एपिसोडिक डिसॅबिलिटी'. म्हणजे येणारं, जाणारं, पुन्हा येणारं अपंगत्व. त्यात शरीराच्या आणि मनाच्या तक्रारी आल्या, रोजच्या कामातल्या अडचणी आल्या, नोकरी, नातीगोती, चारचौघांत मिसळणं हेही आलं. इथवर वाचताना मी नुसती मान डोलवत होते. मग आला शब्द 'अनिश्चितता', आणि मी खुर्चीतून उठून उभीच राहिले! पुढच्या महिन्यात आपण कामावर जाऊ शकू का, हा ताप साधा की पुन्हा काहीतरी, मुलीच्या लग्नापर्यंत पाय साथ देतील का, या टांगणीलाही तिथे अपंगत्वाचा एक भाग मानलंय. घोर. सतत मागे असलेला घोर. तो कुठल्या केसपेपरवर लिहिलेला कुणी पाहिलाय?

मग याच मांडणीवरून प्रश्नावली तयार झाली. एकूण ६९ बाबी. प्रत्येक बाबीला नुसतं 'आहे' किंवा 'नाही' म्हणून सुटका नाही. किती त्रास होतो, आणि तो वरखाली होतो का, हेही सांगायचं. वर, आजचा दिवस बरा की वाईट, हाही प्रश्न. पुढे तिची ३५ बाबींची छोटी आवृत्तीही निघाली.

हे सगळं माझ्यापर्यंत आलं ते भाचीमुळे. ती फिजिओथेरपी शिकते. आणि मी तिला प्रश्न विचारला होता तो आमच्या वहिनींमुळे. वहिनी म्हणजे लालबागच्या चाळीतली आमची जुनी शेजारीण. नाव देत नाही. बाकीचं लिहायला त्यांनीच सांगितलंय. नवरा गेला तेव्हा त्यांना स्वतःचा आजार कळला. पुढे सरकारी गोळ्या सुरू झाल्या, वहिनी सावरल्या, पोळी-भाजीचे डबे करून त्यांनी मुलीला शिकवलं. आज रिपोर्ट उत्तम. व्हायरल लोड 'टीएनडी', म्हणजे तपासणीत विषाणू सापडतच नाही. एआरटी सेंटरमधल्या, म्हणजे या गोळ्या मिळतात तिथल्या, समुपदेशक त्यांचं उदाहरण नव्या लोकांना देतात. आणि या उदाहरणाला तास-दीड तास ओट्याशी उभं राहता येत नाही! तळपाय रात्री जळतात, दिवसा बधिर. "पायमोजे न घालता पायमोजे घातल्यासारखं वाटतं गं," असं त्या कितीतरी वर्षं म्हणतायत. रिपोर्ट चांगला, मग पाय का असे? याचं उत्तर त्यांना कधी नीट मिळालंच नव्हतं.

भाचीने ते एका दमात दिलं. १ एप्रिल २००४ पासून आपल्या देशात एआरटी मोफत मिळू लागली. ज्या राज्यांत ती सर्वांत आधी सुरू झाली त्यांत महाराष्ट्र होता. त्या सुरुवातीच्या गोळ्यांमध्ये स्टॅव्ह्युडिन नावाचं औषध असायचं. स्वस्त, प्रभावी, लाखोंचे जीव वाचवणारं. पण ते मज्जातंतूंना इजा करायचं, विशेषतः पायांच्या टोकांना. विषाणू स्वतःही तेच करतो. २००९ साली जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितलं, आता ते गेलं, नव्या गोळ्या खूप सुसह्य आहेत. तंतूंना झालेली इजा मात्र बऱ्याच जणांच्या पायांत राहून गेली. म्हणजे वहिनींचे पाय उगीच कुरकुरत नव्हते. त्यांना इतिहास आहे!

मग भाचीने पिशवीतून एक चिमुकली वस्तू काढली. प्लॅस्टिकची दांडी, तिच्या टोकाला नायलॉनचा जाडसर धागा. मोनोफिलामेंट. हा धागा कातडीवर सरळ टेकवून दाबायचा. दहा ग्रॅमचा जोर पडला की तो वाकतो, त्याहून जास्त दाब पडूच शकत नाही. म्हणून कुणीही तपासलं तरी माप सारखंच. आधी माझ्या पायांवर झालं. डोळे मिटून मी प्रत्येक वेळी "हो" म्हणत होते, गुदगुल्याही होत होत्या. मग वहिनी. अंगठ्याखाली धागा वाकला, वहिनी गप्प. चवड्यावर वाकला, गप्प. टाचेवर वाकला, तरी गप्प. "सुरू कर ना गं," त्या डोळे मिटूनच म्हणाल्या. भाची धागा वर सरकवत गेली तेव्हा घोट्याच्या वर कुठेतरी पहिला "हो" आला. डोळे उघडून त्यांनी भाचीने पेनाने केलेल्या खुणा पाहिल्या आणि म्हणाल्या, "बघ, मी खोटं बोलत नव्हते."

आणि आता ऐका, कारण इथे माझं डोकं गरगरलं. या बधिर पायांचं करायचं काय, हे आपल्या मुंबईला कधीपासूनच माहीत आहे! शीवच्या शेजारी वडाळ्याला अ‍ॅकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय आहे, १८९० सालचं. कुष्ठरोगातही तंतू मरतात, पाय बधिर होतो, खडा रुतलेला कळत नाही, जखम चिघळते. त्यातून कुष्ठसेवकांनी एक अख्खं शहाणपण उभं केलं. रोज रात्री तळव्याखाली आरसा धरून पाय बघायचे. अनवाणी चालायचं नाही, घरातसुद्धा. आंघोळीचं पाणी पायाने नाही, कोपराने तपासायचं. मऊ सूक्ष्मछिद्री रबराची चप्पल, जिला सगळे एमसीआर म्हणतात, ती वापरायची. अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन, वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन; पुनर्वसन म्हणजे माणसाला पुन्हा कामाला आणि समाजात उभं करणं, हे मराठी माणसाला कुणी टोरांटोहून सांगायला नको. आणि मुंबईचा एड्स नियंत्रणाचा कारभार, मुंबई जिल्हे एड्स नियंत्रण संस्था, ती कुठे आहे? त्याच अ‍ॅकवर्थच्या आवारात! दोन्ही विद्या एका कुंपणाच्या आत. मला तर त्या फाटकासमोर उभं राहून ओरडून सांगावंसं वाटलं.

कायद्याचंही बघा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यांत कुष्ठरोगमुक्त व्यक्ती आहेत, आणि ते अगदी योग्य आहे: जंतू गेला, नुकसान राहिलं, हे कायद्याने मान्य केलंय. एचआयव्ही त्या यादीत नाही. २०१७ चा एचआयव्ही कायदा भेदभावाला मनाई करतो, तो फार मोलाचा आहे, पण अपंगत्वाचं प्रमाणपत्र तो देत नाही. एचआयव्हीमुळे कुणाची दृष्टी गेली, कुणाचा खुबा झिजला, तर त्या त्या प्रकाराखाली ते मिळू शकतं. पण वहिनींसारखं, मंगळवारी चालणारं आणि गुरुवारी न चालणारं शरीर टक्केवारीत बसवायचं कसं? तपासणी मंगळवारी झाली तर? म्हणूनच त्या प्रश्नावलीतला 'वरखाली होतं का' हा रकाना मला एवढा मोठा वाटतो. त्याच्याकडे बघितल्याशिवाय न्याय होणार नाही, असं माझं ठाम मत झालंय.

व्यायामाचं तर संशोधन खच्चून भरलेलं आहे. ओब्रायन आणि सहकाऱ्यांनी जगभरचे प्रयोग एकत्र करून तपासले. प्रकृती स्थिर असलेल्या एचआयव्हीग्रस्त प्रौढांना आठवड्यातून किमान तीनदा नियमित व्यायाम सुरक्षित आहे. दम वाढतो, ताकद वाढते, जगण्याची प्रत सुधारते. "जास्त दगदग करू नका" एवढाच सल्ला मिळत आलेल्यांसाठी ही केवढी बातमी! दक्षिण आफ्रिकेत क्वाझुलु-नाताल प्रांतात तर फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली वस्तीतल्याच आरोग्य कार्यकर्त्यांना शिकवलं आणि त्यांनी घरोघर जाऊन व्यायाम करून घेतले. वाचताना मला डोळ्यांसमोर धारावीच्या गल्ल्यांतून फिरणाऱ्या आपल्या आरोग्यसेविका दिसत होत्या. घर नि घर ओळखतात त्या. आणि धारावीला आधार असलेल्या आपल्या शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात एआरटी सेंटर आहे, फिजिओथेरपीचं शिक्षण आहे. आशियातली पहिली मातृदुग्धपेढी १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी याच रुग्णालयात सुरू केली. नवं काही पहिल्यांदा करून दाखवायची सवय या वास्तूला आहे. गोळ्या घ्यायला आलेल्या माणसाचे सहा महिन्यांतून एकदा पाय तपासायचे, खुर्चीतून हात न टेकता उठता येतं का बघायचं, चार प्रश्न विचारायचे. धागा, खुर्ची, घड्याळ. एवढंच तर लागतं!

२००४ साली पस्तिशीत गोळ्या सुरू केलेली माणसं आता पन्नाशी ओलांडून गेली. त्यांची हाडं, तोल, स्मरणशक्ती, हा सगळा पुढचा अभ्यास आहे आणि जगभर तो चालू आहे. मी त्यातलं मिळेल ते वाचतेय.

वहिनींचं म्हणाल तर ओट्याशी उंच स्टूल आलंय. पोळ्या लाटणं आणि भाजी चिरणं त्यांनी दोन वेळांत वाटून घेतलंय. टाचा उचलायचा आणि तोल सावरायचा व्यायाम भिंतीला धरून चालू आहे. एका रविवारी सकाळी आम्ही तिघी शीवच्या किल्ल्याच्या पायथ्याच्या बागेत गेलो. तिथे इतके लोक फेऱ्या मारत असतात की कुणी कुणाकडे बघत नाही. भाचीने आधी रक्तदाब तपासला, टेपने तीस मीटर मोजले, दोन्ही टोकांना पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. सहा मिनिटांत जमेल तेवढं चालायचं, दम लागला तर थांबायचं, घड्याळ मात्र थांबत नाही. ते घड्याळ माझ्या हातात. वहिनी चालल्या, मधे एकदा थांबल्या, पुन्हा चालल्या. अंतर ऐकून त्यांनी नाक मुरडलं. "हे धरू नकोस गं," त्या भाचीला म्हणाल्या, "रात्रभर पाय जळत होते, हा माझा वाईट दिवस. बऱ्या दिवशी परत मोज." भाची म्हणाली, "मामी, मला दोन्ही हवेत," आणि तिने वहीत दोन रकाने आखले.