वाकवून आलेलं लोखंड

पाण्याच्या टाकीचं लोखंड साइटवरच, आपल्या डोळ्यांदेखत कापावं आणि वाकवावं, या मताचा मी कट्टर होतो. पाणीपुरवठ्याच्या कामांवर आयुष्य गेलेल्या बहुतेक अभियंत्यांचं हेच मत असतं. कारखान्यातून वाकवून आलेली सळई चुकीची निघाली तर काम अडणार. साइटवर निदान फिटर हाताशी असतो.

हे मत डळमळलं ते कव्हरमुळे, म्हणजे सळईवरच्या काँक्रीटच्या थरामुळे. आयएस ४५६ नेहमीच्या बांधकामात ०.३ मिलिमीटरपर्यंतची भेग चालवून घेतं; पाणी साठवायच्या बांधकामासाठी आयएस ३३७० मध्ये हाच आकडा ०.२ आहे. एवढं काटेकोर काम, आणि रिंगा वाकवायच्या कशावर, तर फळीवर ठोकलेल्या खिळ्यांवर! खिळा जरा सरकला की दुपारच्या रिंगा सकाळच्यांपेक्षा मोठ्या. मोठी रिंग सेंटरिंगला टेकते, कव्हर ब्लॉक निसटतो, आणि वरून काँक्रीट पडलं की सगळं झाकलं जातं. पुढे तिथूनच गंजाचे तांबूस ओघळ येतात. टाकीच्या छताची आतली बाजू तर सगळ्यात नाजूक: तिथे कायम दमट हवा आणि वर क्लोरीनची वाफ. यंत्रावरच्या रिंगा एका मापाच्या निघतात, एवढ्यानेच अर्धा प्रश्न मिटतो.

उरलेला अर्धा कागदावरचा. गोल टाकीच्या भिंतीत तळाशी पाण्याचा दाब जास्त, म्हणून आडव्या सळया खाली दाट, वर विरळ. सळई येते १२ मीटरची. बिल ड्रॉइंगमधल्या वजनावर निघतं, वाया गेलेल्या तुकड्यांचे पैसे मिळत नाहीत. मग ठेकेदार तुकडे भिंतीत जिरवतो, जोड वाढतात आणि नको तिथे एका रेषेत येतात. कारखान्याला ऑर्डर द्यायची तर बार बेंडिंग शेड्यूल आधी पक्कं करावं लागतं. कुठली सळई, किती लांब, जोड कुठे, हे सगळं ऑफिसात ठरतं. साइटवर उभ्या उभ्या ठरवायची आमची सवय त्यामुळे सुटते. मला खरा फायदा हाच वाटतो.

बांधून तयार पिंजरे आणायला मात्र माझा अजून विरोध आहे. आमच्या वाड्यावस्त्यांच्या रस्त्यांवर ते ट्रकमध्येच वाकडे होतील, आणि उतरवायला क्रेन कुठून आणणार? सुटी वाकवलेली सळई आणा, बांधणी जागेवर करा.

निविदा काढणाऱ्यांना एवढंच सांगणं: शेड्यूल मंजूर झाल्याशिवाय ऑर्डर जाऊ देऊ नका, आणि गाडी आली की टेप घेऊन स्वतः उभे राहा. माप चुकलेली सळई घणाने ठोकून सरळ करू देऊ नका. ती परत पाठवा.