दूध तापेपर्यंत

दिवाळीच्या पाडव्याला कोरी वही विकत घ्यायची, हा माझा उभ्या आयुष्याचा परिपाठ. व्यापारी मंडळी त्या दिवशी नव्या चोपड्या मांडतात, मग आपणच का मागे राहावे? पहिल्या पानावर ठळक अक्षरांत संकल्प : पहाटे साडेचारला उठणे, शंभर सूर्यनमस्कार, चार मैल फिरणे, रात्री संस्कृत. पाडव्याचे सूर्यनमस्कार खरोखरच होत. दुसऱ्या दिवशी भाऊबीज. मांड्या अशा काही भरून येत, की बहिणीसमोर पाटावर बसताना तोंडून कळवळून 'आई गं' निघे, आणि ओवाळणीबरोबर मी संकल्पही तबकात टाकून मोकळा होई. उरलेल्या पानांवर माझी पत्नी वाण्याचा हिशेब लिही. तेव्हा वह्या फुकट गेल्या, असे मात्र कुणी म्हणू नये.

अशा माणसाने सवयीबद्दल लिहावे हा शुद्ध आगाऊपणा. पण मी सांगणार आहे ते आईबद्दल.

१९८३ सालची गोष्ट. वडील नुकतेच गेले होते आणि त्यांच्यामागे आईला निवृत्तिवेतन सुरू झाले होते. ती तेव्हा ६४ वर्षांची. दर महिन्याला मी तिला बँकेत नेई. खिडकीतला कारकून शाईचे पॅड पुढे सरकवी, तिचा अंगठा धरून कागदावर दाबी. घरी येईपर्यंत ती तो अंगठा पदराखाली झाकून ठेवी. एकदा मोरीवर राखेने शाई घासता घासता ती म्हणाली, "साऱ्या गावाची पोरं शिकवलीस रे तू." एवढेच. मी तेव्हा २२ वर्षे मराठीचा मास्तर होतो. आईला अक्षरओळख नाही हे मला लहानपणापासून ठाऊक होते. पण घराच्या तुळईकडे कोण रोज मान वर करून पाहतो?

मी लगेच माझ्या स्वभावाला जागलो. पाटी, अंकलिपी, बाराखडीचा तक्ता, सगळे एका दिवसात आणले आणि रोज रात्री तासभर शिकवणी जाहीर केली. चौथ्या रात्री आईने पाटी भिंतीला टेकवली. "डोळे दुखतात रे. राहू दे." खरे सांगतो, मला सुटल्यासारखे वाटले.

बुडालेली ही शाळा पुन्हा उघडली ती माझ्या सात वर्षांच्या मुलीने. सकाळी स्टोव्हवर दूध ठेवले की आई राखणीला तिथेच उभी राही, कारण मांजराचा भरवसा नव्हता. मुलगी म्हणाली, "आजी, दूध तापेपर्यंत एकच अक्षर काढायचं. वर आलं की पाटी बंद!" दुधाला सात-आठ मिनिटे लागत. तेवढ्यात 'ग' निघे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच 'ग'. एकेक अक्षर आठ-आठ दिवस चाले. हा काय वेग झाला, असे मला मनातून वाटे. बोललो नाही, एवढेच माझे शहाणपण. मध्ये आई तापाने आठवडाभर अंथरुणावर होती. उठली त्या सकाळी तिने स्टोव्ह पेटवला, पातेले ठेवले आणि हात आपोआप पाटीकडे गेला.

पुष्कळ वर्षांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांचा, २०१० साली छापून आलेला एक अभ्यास माझ्या वाचनात आला. ९६ माणसांनी रोजच्या एखाद्या ठरलेल्या प्रसंगाला, जसे न्याहारीला, एक लहानशी कृती जोडून १२ आठवडे ती करून पाहिली. ती अंगवळणी पडायला मधल्या हिशेबाने ६६ दिवस लागतात. कुणाला १८, तर कुणाला २५४ लागावेत असा अंदाज निघाला. मधला एखादा दिवस चुकला तरी फारसे बिघडत नाही, असेही आढळले. वाचता वाचता मला स्टोव्हची फरफर ऐकू आली. दुधाची आठवण आईला कुणी द्यावी लागत नव्हती, आणि अक्षराची आठवण दूध देत होते. माझे संकल्प मात्र नुसते हवेत टांगलेले!

त्याच सुमारास मी आणखी एक भागाकार केला. महामहोपाध्याय काण्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड १९३० ते १९६२ या काळात प्रसिद्ध झाले. पाने साडेसहा हजारांच्या आसपास. दिवसाला पडले अर्ध्या पानाहून थोडेसे अधिक. वकिली करणाऱ्या माणसाचे अर्धे पान! मी वही मिटली.

आईच्या नावात 'क्ष्म' हे जोडाक्षर आहे. त्याने सबंध चातुर्मास खाल्ला. दीड वर्षाने आम्ही बँकेत गेलो, तेव्हा कारकुनाने सवयीने पॅड पुढे केले. आईने ते एका बोटाने मागे सारले. "आजी, अंगठ्यानं लवकर होतं," तो म्हणाला. मागे रांग खोळंबली होती. आई लिहीत होती आणि घाम मला फुटला होता. 'क्ष्म'पाशी ती थांबली, दूध आले का पाहावे तशी मान वर केली, आणि पुढे गेली. परतताना तिचे दोन्ही हात पदराबाहेर होते.

पुढे एका दुपारी मी शाळेतून आलो तो आई देवळात गेलेली. पातेल्याच्या झाकणावर पाटीवजनाने कागदाचा तुकडा दाबून ठेवला होता : 'दूद तापवल आहे. झाकन काडू नको. मांजर.'

आईने मला लिहिलेले हे पहिलेच पत्र. खिशाला लाल शाईचे पेन होते. चुका चार भरल्या. त्या मोजून झाल्यावर मी चिठ्ठी पेनामागे खिशात ठेवली आणि झाकण न काढता बाहेर येऊन बसलो.