कोनही लिहा

पिथमपूरच्या एखाद्या कारखान्यात शाफ्ट तुटला की त्याचे दोन तुकडे इंदूरला आमच्या टेबलावर येतात. तुटलेलं तोंड कोणत्या दिशेला कललंय, ते मी आधी बघतो. आकडेमोड नंतर.

शाफ्टला गिअर वाकवतो आणि मोटर पिळते. दोन्हींचा जोर बाहेरच्या पृष्ठभागावर सगळ्यात जास्त. समजा, तिथे बेंडिंग स्ट्रेस चौरस मिलिमीटरला 80 न्यूटन आहे आणि शिअर 30. 80 चं निम्मं 40. 40 आणि 30 यांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ 50. चाळिसात पन्नास मिळवले की 90, वजा केले की उणे 10. हे दोन प्रिन्सिपल स्ट्रेस. त्यांच्या दिशांना काटकोनात असलेल्या प्रतलांवर शिअर उरतच नाही. फक्त 80 धरून चालणाऱ्याच्या हिशेबात धातूवरची खरी ओढ येतच नाही.

आता दिशा. शिअरच्या दुपटीला बेंडिंगने भागा: 60 भागिले 80. हा दुप्पट कोनाचा टॅन, म्हणून मूळ कोन, म्हणजे 90 ची ओढ शाफ्टच्या अक्षाशी करते तो, 18.4 अंश. ओटो मोर या जर्मन अभियंत्याने 1882 मध्ये मांडलेल्या वर्तुळात हा दुप्पट कोन डोळ्यांना दिसतो. मला ते वर्तुळ आजही हाताने काढायला आवडतं.

खडू घ्या, न वाकवता नुसता पिळा. तो 45 अंशांच्या मळसूत्री रेषेत तुटतो, कारण ठिसूळ पदार्थ सर्वात मोठ्या ओढीला काटकोनात फाटतो. ओतीव लोखंडाचंही तेच. तोंड जितकं तिरकं, तितका पिळाचा वाटा मोठा. माइल्ड स्टील मात्र शिअरला नमतं आणि पिळलं तर जवळपास सपाट तुटतं. म्हणून धातू कोणता, हे विचारल्याशिवाय तोंड वाचू नये. शिवाय फिरत्या शाफ्टवर आत्ता ताणलेला बिंदू अर्ध्या फेरीनंतर दाबला जातो. ते 90 एका क्षणापुरते. भेग बहुधा की-वेच्या कोपऱ्यातून हळूहळू वाढत आलेली असते.

1952 साली स्थापन झालेल्या इथल्या गोविंदराम सेकसरिया संस्थेतून आणि इतर कॉलेजांतून मुलं आमच्याकडे येतात. सूत्र सगळ्यांना पाठ असतं. संगणक तर रंगीत चित्रच हातात देतो, पण त्या चित्रात ओढीची दिशा शोधायचं बऱ्याच जणांच्या मनात येत नाही. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे: हिशेबाच्या कागदावर 90 लिहाल, तेव्हा शेजारी 18.4 अंश लिहा आणि शाफ्टच्या आकृतीवर तो बाण काढा.