कोणी कोणास ओळख पटवावी?

पूर्वी आमची ओळख पटविण्यास कागद लागत नसे. बेळगावच्या खडेबाजारातील दुकानदार आम्हांस चेहऱ्याने ओळखी. पैसे कमी पडले तर वहीत नाव मांडून माल देई. परगावी जायचे झाले, तर धर्मगुरूंची चार ओळींची चिठ्ठी खिशात असे आणि तिच्या बळावर परक्या धर्मग्रामातही निवारा मिळे. आता दुकान मोबाइलच्या काचेत आले आहे. तेथे चेहरा पाहणारा कोणी नाही. म्हणून दुकानच विचारते, ‘आपण कोण?’ या एका प्रश्नापायी आमची जी फजिती झाली, ती वाचकांपुढे मांडताना संकोच वाटतो. परंतु तिच्यामुळे एखादे घर सावध झाले, तर तो संकोच सार्थकी लागला असे आम्ही समजू.

आमच्या नातीच्या प्रथम कम्युनियनचा दिवस ठरला होता. त्या दिवशी तिच्या हाती पोर्तुगालातील फातिमा येथील जपमाळ असावी, अशी तिच्या दिवंगत आजीची फार इच्छा होती. आम्ही ती माळ तेथील एका दुकानातून घरबसल्या मागविली. दहा दिवसांनी कुरियर कंपनीचे पत्र आले : ‘आपले ओळखपत्र व पत्त्याचा पुरावा पाठवावा.’ आम्हांस राग आला. जपमाळ घेणाऱ्याने आपण चोर नसल्याचा दाखला द्यावा काय? आम्ही उत्तर दिले नाही. पुन्हा दोन स्मरणपत्रे आली. तीही आम्ही तशीच सोडली.

राग अस्थानी होता, हे मागाहून कळले. परदेशातून कुरियरने येणारा माल सीमाशुल्क खात्याच्या हातून सुटावयाचा, तर मागविणाऱ्याची कागदपत्रे घेणे कंपनीस भागच असते. आमच्या मौनामुळे माळ परत गेली.

चारच दिवसांनी मोबाइलवर दुसरा निरोप आला : ‘पत्ता अपुरा असल्याने पार्सल अडकले आहे. पंचवीस रुपये भरून ओळख पटवा.’ कंपनीचे चिन्ह होते, भाषा नम्र होती. पहिल्या चुकीची रुखरुख मनात होतीच. दिलेल्या दुव्यावर जाऊन आम्ही आधार क्रमांक लिहिला, बँकेच्या कार्डाचा क्रमांक लिहिला, कार्डामागचे तीन अंकही लिहिले. मोबाइलवर आलेला सहा अंकी ओ. टी. पी. देखील दिला. क्षणात खात्यातून अठरा हजार चारशे रुपये गेले. ओ. टी. पी. च्या त्याच संदेशात ही रक्कम स्पष्ट लिहिली होती! आम्ही अंक तेवढे पाहिले, शब्द वाचलेच नाहीत.

सूनबाई धावत आल्या. त्यांनी प्रथम बँकेस सांगून कार्ड बंद केले, मग 1930 या सरकारी क्रमांकावर तक्रार नोंदविली. आम्ही मान खाली घालून बसलो होतो. त्या एवढेच म्हणाल्या, ‘‘बाबा, खऱ्याला तुम्ही दारातून परतवलंत आणि खोट्याला तिजोरी दाखवलीत. पण लगेच सांगितलंत, लपवलं नाहीत, हे बरं केलंत.’’ तक्रार वेळीच गेल्याने काही रक्कम पुढे परत मिळाली, सगळी नाही.

त्या रात्री आम्हांस उत्पत्तीच्या पुस्तकातील वृद्ध इसहाक आठवला. त्याची दृष्टी मंद झाली होती. पुढे उभा असलेल्याचा आवाज याकोबाचा आहे, हे त्याच्या कानांनी जाणले होते. परंतु हातांवर गुंडाळलेल्या करडाच्या कातड्यावर त्याने विश्वास ठेवला आणि थोरल्याचा आशीर्वाद धाकट्यास दिला. आमच्यापुढे आलेले कंपनीचे चिन्ह हे त्या कातड्यासारखेच होते. ओळख विचारणे हा अपराध नव्हे. चोरलेल्या कार्डावर कोणी खरेदी करू नये म्हणून बँक ओ. टी. पी. मागते, तेव्हा ती आमचेच रक्षण करीत असते. परंतु जो ओळख विचारतो, त्याने आधी स्वतःची ओळख पटविली पाहिजे. हा अर्धा भाग आम्ही विसरलो.

कायद्याचे सूत्रही याहून फार वेगळे नाही. खाजगीपणा हा मूलभूत हक्क होय, असे सर्वोच्च न्यायालयाने 24 ऑगस्ट 2017 रोजी सांगितले. खाजगी कंपन्यांना केवळ कराराच्या आधारे आधार पडताळणी करू देणारी तरतूद त्याच न्यायालयाने 26 सप्टेंबर 2018 रोजी रद्द ठरविली. तेव्हा साडी किंवा पातेले विकणाऱ्याने आधारची प्रत मागितली, तर ‘कशासाठी?’ असे विचारण्यात उद्धटपणा नाही.

आता आमच्या घरी काही नियम ठरले आहेत. आलेल्या दुव्यावर बोट ठेवावयाचे नाही. दुकानाचे किंवा कुरियरचे अधिकृत संकेतस्थळ आपण स्वतः उघडून तेथे मागणी आहे काय, ते पाहावयाचे. आधार देणे भागच पडले, तर पहिले आठ अंक झाकलेली प्रत द्यावयाची आणि तिच्यावर कारण व तारीख लिहावयाची. ओ. टी. पी. कोणासही सांगावयाचा नाही, आणि स्वतः भरतानाही आधी सारा संदेश वाचावयाचा. घाई करणाऱ्यास थांबवावयाचे. आणि फसलोच, तर लाजेने गप्प बसावयाचे नाही. लपविलेली चूक चोरास वेळ मिळवून देते.

फातिमाची माळ आली नाही. सूनबाईंनी आजीची जुनी जपमाळ नव्या दोऱ्यात ओवून नातीच्या हाती दिली. वेदीपुढे फादरांनी तिला स्नानसंस्काराच्या नावाने हाक मारली आणि ती निःशंकपणे पुढे गेली. आवाज ओळखीचा होता. मेंढरे परक्याच्या हाकेमागे जात नाहीत, हे प्रभूने सांगितलेले आम्ही कितीदा ऐकले असेल! म्हातारपणी ते आम्हांस एका लहान मुलीकडून पुन्हा शिकावे लागले.