कुंडलची वाट

पुण्याहून मिरजेकडे निघालेल्या आगगाडीने ताकारी मागे टाकली, की किर्लोस्करवाडी येते. या स्टेशनाचे मूळ नाव कुंडल रोड. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी इथल्या निवडुंगाने भरलेल्या माळावर कारखाना आणला, वसाहत वसवली, आणि पुढे सासरी गेलेल्या मुलीप्रमाणे स्टेशनानेही नाव बदलले. कुंडलला जाणारा उतारू मात्र अजून इथेच उतरतो.

एका जुन्या विद्यार्थ्याच्या आग्रहावरून मी गेल्या हिवाळ्यात तिथे गेलो. डोंगरावर पार्श्वनाथाची स्थाने, पायथ्याशी गाव, भोवती ऊस. बेचाळीसच्या चळवळीनंतरच्या प्रतिसरकारामुळे कुंडलचे नाव सर्वांना ठाऊक आहे. पण माझ्या मनात घर केले ते त्याच्याही आधीच्या एका गोष्टीने.

कुंडल हे औंध संस्थानातले तालुक्याचे गाव. हे संस्थान म्हणजे फाटलेल्या गोधडीचे तुकडे! औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे आणि गुणदाळ तर थेट विजापूरच्या बाजूला. एकंदर ७२ गावे. १९३९ च्या जानेवारीत राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी आपला अधिकार प्रजेच्या हाती दिला. युवराज अप्पासाहेब आणि मॉरिस फ्रीडमन हे पोलिश इंजिनिअर यांनी गांधीजींच्या सल्ल्याने घटना तयार केली. तिचा पाया गावपंचायत. १९४८ साली संस्थान विलीन झाले आणि तो प्रयोग संपला.

संध्याकाळी विद्यार्थ्याच्या आजोबांबरोबर फिरायला निघालो. एका ओढ्यापाशी ते थांबले.

"मास्तर, पावसाळ्यात हितं पानी किती चढतं, हे औंधात बसून राजाला कसं कळावं?" ते म्हणाले. "वडील सांगायचे, ज्याचा पाय भिजतो त्यालाच वाट इचारावी. तुमच्याकडं कोन ठरवतं वाटा?"

मी हसलो खरा, पण उत्तर सुचेना. आमच्या शहरात दोन वर्षांपूर्वी घरासमोरचा रस्ता रुंद झाला. फूटपाथ वीतभर उरला आणि बसचा थांबा पलीकडच्या अंगाला गेला. तोवर माझी आई दर गुरुवारी एकटी बसने भजनाला जाई. आता मोटारींचा तो लोंढा ओलांडणे तिला जमत नाही. ती गॅलरीत बसते आणि समोर थांबणाऱ्या बसगाड्या मोजते. घरी येणाऱ्याजाणाऱ्याजवळ मी सरकारला नावे ठेवीत असे. पण काम सुरू होण्यापूर्वी सूचना मागवणारे एक पत्रक दारात आले होते. ते मी न वाचता एका जाडजूड ग्रंथात खूण म्हणून घातले, हे कुणाला सांगितले नव्हते. आजोबांना सांगितले.

"म्हंजे तुमचा राजा तुमच्या घरातच की!" ते म्हणाले.

परतीच्या गाडीत विचार करीत होतो. लोकांना विचारण्याची रीत शहरांत अगदीच नाही असे नव्हे. सायकलींचे शहर म्हणून एके काळी मिरवणाऱ्या पुण्याने २०१७ साली सायकलींचा आराखडा मंजूर केला, तो नागरिकांची मते घेऊन. तिथे नागरिकांनी सुचवलेली वॉर्डातली कामे अंदाजपत्रकात घेण्याची प्रथाही २००६ पासून सुरू झाली. कागदावरचा आराखडा रस्त्यावर उतरायला वेळ लागतो, हे खरे. पण थांबा कुठे हवा, कुठल्या वळणावर म्हातारी माणसे अडखळतात, हे नकाशा काढणाऱ्याला कुणी सांगायचे? औंधापासून कुंडल दूर होते. आमचे वॉर्ड ऑफिस घरापासून दहा मिनिटांवर आहे, आणि तिथे मी एकदाही गेलो नव्हतो.

घरी आल्यावर तो ग्रंथ काढला. पत्रकाची मुदत केव्हाच उलटली होती. तरी शेजारच्या चार घरांच्या सह्या घेतल्या आणि अर्ज लिहिला. मी मराठीचा प्राध्यापक. भाषा अंमळ अलंकारिक झाली. आईने तो वाचला आणि म्हणाली, "उपमा काढ, अन् थांबा अलीकडे हवा एवढंच लिही."

तसेच लिहिले. अर्ज द्यायला तीही माझ्याबरोबर आली. रस्ता ओलांडताना तिने माझा हात घट्ट धरला होता.